अर्ध्या ग्रॅमचा पंचनामा

मिलिग्रॅमकाकांच्या जबड्यात हाड भरलं तेव्हा सगळं यथासांग पार पडलं. फक्त एक गोष्ट राहून गेली. भरण्याआधी ते हाड कुणी मोजलं नाही.

नाही मोजलं तर नाही, जबडा म्हणजे काय वाण्याचं दुकान आहे का, असं तुम्हीआम्ही म्हणू. पण काका वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांची चाहूल लागली की बाजारातल्या तराजूंना कापरं भरायचं असं म्हणतात. कोण म्हणतं, तर काकाच म्हणतात. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, पण सवय सुटली नाही. घरात दूध आलं की आधी काट्यावर जाई, मग पातेल्यात. इमारतीत त्यांना तोंडावर 'काका' आणि पाठीमागे 'मिलिग्रॅम' म्हणत. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

तर त्यांची खालची डावी दाढ पडली होती आणि तिच्या जागेचं हाड ओसरून खड्डा झाला होता. तिथे नवी दाढ रोवायची तर आधी भर घालायला हवी, असं सुनेने सांगितलं. सून दातांची डॉक्टर. इमारतीच्याच तळमजल्यावर तिने नुकताच दवाखाना थाटला होता. खुर्ची नवी, दिवा नवा, पाटी नवी. जुनी होती ती फक्त बाहेरच्या खोलीतली मासिकं, आणि तीही तिने मुद्दाम जुनी मागून आणली होती. मासिकं कोरी दिसली की दवाखाना चालत नाही हे लोकांना कळतं.

दवाखाना चालत नव्हताच. इमारतीतले सगळे येऊन खुर्चीवर बसून गेले, खुर्ची वरखाली करून बघितली, 'छान आहे हो' म्हणाले आणि दात दुखला की रस्त्यापलीकडच्या जुन्या डॉक्टरकडे गेले. 'बघू या, काकांचं कसं होतंय ते,' एवढंच जो तो म्हणे. म्हणजे काकांचा जबडा हा नुसता जबडा राहिला नव्हता, तो दवाखान्याची दुसरी पाटी झाला होता. हिरडी नीट भरून आली तर दवाखाना चालणार. नाही आली, तर 'सासऱ्याचंच तोंड बिघडवलं' हे वाक्य इमारतीत तयारच होतं, फक्त म्हणायचं बाकी होतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी खुर्चीत आडवे झाल्यावर काकांची नजर ट्रेमधल्या चिमुकल्या कुपीवर गेली. कुपीवर लिहिलं होतं, अर्धा ग्रॅम.

"हे मोजून घेतलंस?"

"बाबा, सीलबंद आहे. कंपनी मोजूनच भरते."

"सगळ्याच कंपन्या मोजून भरतात. मग माझं खातं काय हवा खायला होतं?"

"उघडलं की लगेच जखमेत घालायचं असतं. काट्यावर ठेवलं तर जंतू लागतील."

"माझ्या काट्याला जंतू?" काका उठूनच बसले. "बरं, ते राहू दे. हाड कुणाचं आहे?"

"प्राण्याचं. शुद्ध केलेलं असतं हो. नुसता सांगाडा उरतो, त्याच्या आधाराने तुमचं स्वतःचं हाड वाढतं."

"पण कुठला प्राणी?"

"मेलेला," दारातून काकू म्हणाल्या. या काकू म्हणजे काकांची बायको. त्यांच्या संसाराला इतकी वर्षं झाली होती की त्यांना आता काकांचा राग येत नसे, फक्त उत्तरं येत.

काकांना याहून बरंच काही विचारायचं होतं, पण तेवढ्यात सुई लागली, ओठ जड झाला आणि उरलेले आक्षेप लाळेबरोबर हनुवटीवरून ओघळले. सुनेने खड्ड्यात हाडाचे दाणे भरले, वर पातळ पडदा अंथरला, हिरडी ओढून घेतली आणि टाके घातले. मग सूचना दिल्या. थुंकायचं नाही. मिठाचं पाणी नुसतं तोंडात धरायचं आणि मान कलती करून सांडू द्यायचं, खळखळायचं नाही. त्या बाजूने चावायचं नाही.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ओठ ओढून बघायचं नाही. हिरडी मऊ असते बाबा. तिला भरून यायला एकांत लागतो."

एकांतात केलेलं काम चोख असतं, हे काका ज्या खात्यात होते त्या खात्याला मुळात मान्यच नव्हतं. कुणी म्हणालं, 'साहेब, आत बघू नका,' की आतच बघायचं, एवढ्या एका नियमावर त्यांना दोनदा बढती मिळाली होती.

त्यामुळे न्हाणीघराचं दार लावलं की तपासणी सुरू व्हायची. दाढीचा आरसा नळावर टेकवलेला, टॉर्च काखेत धरलेली, एका हाताने ओठ ओढलेला आणि दुसऱ्या हातात चमचा उलटा धरून त्याच्या दांड्याने गाल बाजूला सारलेला. टॉर्च काखेत असल्यामुळे उजेड कधी कानात पडे, कधी छतावर. पण अडचणीतून तपास करणं हा त्यांच्या हातचा मळ होता.

आधी आली सूज. गाल असा टरारला की जणू काकांनी आख्खं लिंबू लपवलंय.

"सूज येणारच. थोडी अजून वाढेल, मग उतरेल," सून म्हणाली.

काकांनी मान डोलावली, पण मनात नोंद झाली. आधीच सांगितलं, म्हणजे आधीच ठाऊक होतं. आणि आधीच ठाऊक होतं, म्हणजे? काट्याखाली चुंबक चिकटवणारा दुकानदारसुद्धा साहेब दिसले की आधीच म्हणतो, 'पंख्याने काटा जरा हलतोय बरं का.'

सूज उतरली. सांगितल्याबरहुकूम उतरली, हे तर काकांना फारच संशयास्पद वाटलं. मग जखमेवर पांढरट काहीतरी दिसू लागलं. त्या सकाळी काका कुस्करलेलं केळं चमच्याने ढवळत म्हणाले, "पू झालाय."

"पू नाही तो," सून म्हणाली. "जखमेवर अशी साय धरतेच. हाताला खरचटलं की खपली धरते ना, तसंच. तोंड ओलं असतं, म्हणून तिथली खपली मऊ आणि पांढरी. पुसू नका ती." मग ती थांबली. "पण तुम्हाला कसं कळलं?"

"जिभेला लागलं."

"पांढरं आहे हे जिभेला कळलं?"

काकूंनी पदरात तोंड लपवलं. काकांनी ताठ मानेने केळं संपवलं, तेही चुकीच्या बाजूने.

आणि मग ती सकाळ उगवली. काकांनी मिठाचं पाणी वाडग्यात सांडलं आणि वाडग्याच्या तळाशी वाळूसारखे चारदोन दाणे दिसले. काकांच्या अंगावर काटा आला. दुःखाचा नव्हे हो, आनंदाचा! निवृत्तीनंतर त्यांच्या हाती लागलेला हा पहिला मुद्देमाल होता.

दाणे त्यांनी टिपकागदावर वाळवले. कपाटातला सोनारकाटा बाहेर आला. निरोपसमारंभात खात्याने दिलेला तो काटा काचेच्या पेटीत असे आणि त्याच्यासमोर घरात कुणी शिंकायचं नाही असा दंडक होता. दाणे पारड्यात ठेवल्यावर काटा हलला, म्हणजे लाजून इकडेतिकडे बघावं एवढाच हलला. पण हलला!

"गळती!" काका म्हणाले. "माल कमी भरलाय, आणि जो भरलाय तोही गळतोय."

"सुनेला विचारा ना," काकू म्हणाल्या.

"आरोपीलाच विचारू?"

"अहो, आरोपी काय? तुमची सून आहे ती."

"म्हणूनच तर रीतसर करायला हवं," काका गंभीरपणे म्हणाले. "घरचं माणूस आहे म्हणून मी डोळेझाक केली असं उद्या कुणी म्हणायला नको."

कुणीही असं म्हणणार नव्हतं. पण 'गळती' हा शब्द एव्हाना जिन्यात पोचला होता. सगळ्यात आधी आले शेजारचे विमावाले. हे गृहस्थ विमा विकत, त्यामुळे कुठेही संकटाचा वास आला की त्यांना भूक लागे, आणि एकदा बोलायला लागले की समोरच्या माणसाला विम्यापेक्षा मरण बरं वाटे.

"काका, गळती ती गळतीच," ते म्हणाले. "धरण असो की जबडा. आज दाणा गेला, उद्या जबडा जाईल. परवा काय जाईल, बोलायला नको."

त्यांच्या मागोमाग आल्या समोरच्या दारातल्या मावशी. "माझ्या चुलतसासूच्या हिरडीचं अगदी असंच झालं होतं बाई."

"मग?"

"मग काय, गेली ती."

"हिरडीने?"

"छे! चांगली म्हातारी होऊन गेली. पण हिरडीचा विषय तिने शेवटपर्यंत काढला नाही, यावरून काय ते समजा."

काकांनी ते समजून घेतलं. मग त्यांनी जाहीर केलं, की मालाची तपासणी दोन पंचांसमक्ष झालीच पाहिजे. एक पंच विमावाले. दुसरा पंच कोण, तर शिंपीमामा. कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं. शिवणकामाचा प्रश्न आहे तर शिवणकामातला माणूस हवा, हे म्हणणं सगळ्यांनाच पटलं. न पटायला तिथे एकच शहाणं माणूस होतं, ते म्हणजे काकू, आणि त्या रागाने स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या.

शिंपीमामा गळ्यात टेप घेऊनच आले. "दोरा कुठला घातलाय?"

"आपोआप विरघळणारा, असं ती म्हणते," काका म्हणाले.

"विरघळणारा?" मामा मटकन स्टुलावर बसले. "काका, मी विरघळणाऱ्या दोऱ्याने पँट शिवली असती, तर गिऱ्हाईक भर चौकात उभं राहून माझ्या नावाने बोंबललं असतं. आणि त्याला हात वर करून बोंबलतासुद्धा आलं नसतं."

काकांना खिडकीजवळ उजेडात बसवलं. मावशींनी टॉर्च धरली, विमावाल्यांनी चमच्याने गाल सारला. आता गंमत बघा, प्रत्येकाने मालाला समक्ष हात लावून खात्री करायची, हा खात्याचा नियम काकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितला. विमावाल्यांनी बोटाने टोचून बघितलं आणि 'हं' म्हणाले. मग शिंपीमामा पुढे झाले. आता शिंप्याला शिलाई तपासायची म्हणजे काय करावं लागतं? कापड दोन्ही हातांनी धरून ताणून बघावं लागतं. मामांनी दोन्ही अंगठे लावले. एक ओठाकडून, एक गालाकडून. आणि तीस-चाळीस वर्षांच्या सवयीने ताणलं.

टाका गेला.

"बघा!" मामा विजयाने ओरडले. "म्हटलं नव्हतं मी? उसवलं!"

रक्त फार नव्हतं, पण लाळेत मिसळलं की चमचाभर रक्त बादलीभर दिसतं. मावशींनी टॉर्च टाकली आणि जिन्यात जाऊन जी हाक मारली, ती थेट गच्चीपर्यंत गेली. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या, स्वच्छ फडकं ओलं करून काकांच्या तोंडात कोंबलं आणि दंडाला धरून त्यांना खाली नेलं. मागून पंच, पंचांमागून मावशी, आणि मावशींमागून ज्याला ज्याला हाक ऐकू गेली तो तो.

खाली दवाखान्यात त्या दिवशी एक बाई खुर्चीत होत्या. इमारतीतलं पहिलंवहिलं गिऱ्हाईक. कितीतरी दिवस दुखरा दात सोसून, शेवटी मन घट्ट करून त्या आल्या होत्या. त्यांनी आ केला, आणि दारात डॉक्टरीणबाईंचे सासरे उभे, तोंडात लाल फडकं, मागे अर्धी इमारत. बाईंनी आ मिटला. गळ्यातला कागदी रुमाल काढून नीट घडी केला. "गॅस बंद केला का ते बघून येते हं," म्हणाल्या आणि गेल्या.

सून काही बोलली नाही. हात धुतले, हातमोजे चढवले, काकांना खुर्चीत निजवलं. गप्प बसतो तो चोर, हे काकांचं जुनं सूत्र. गप्प बसलेले शेकडो दुकानदार त्यांनी बघितले होते. पण हे गप्प बसणं त्यांच्या ओळखीचं नव्हतं. दिव्याच्या उजेडात तिचे डोळे भरलेले त्यांना खालून अगदी स्पष्ट दिसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, की उजेड जरा कमी असता तर बरं झालं असतं.

"पडदा शाबूत आहे," टाका घालून झाल्यावर ती म्हणाली. "वाचलं थोडक्यात. आणि बाबा, वरचे चार दाणे निघतातच. ते धरूनच थोडं जास्त भरलेलं असतं."

"जास्त?" काका सुन्न ओठांनी पुटपुटले. मापापेक्षा जास्त दिल्याचा गुन्हा त्यांच्या उभ्या नोकरीत एकदाही सापडला नव्हता. त्याला कलम कुठलं लागतं हेही त्यांना माहीत नव्हतं.

"जास्त. पण त्या बाई आता परत येणार नाहीत," ती म्हणाली आणि ट्रे उचलून आत गेली.

काकू तिच्या मागोमाग आत गेल्या. "अगं, यांना समजावून उपयोग नाही. मी दमले समजावून. तू सील लाव."

"सील?"

"लाखेचं असो, शिशाचं असो, सील दिसलं की हा माणूस हात मागे घेतो. खुनाच्या खालोखाल सील फोडणं, असं मानतो तो."

सून बाहेर आली ती गुलाबी लगदा मळतच. हिरडीवर बसवायचं औषधी आवरण होतं ते, जरा वेळाने कडक होणारं. जखमेवर तिने ते दाबून बसवलं, आणि हत्याराच्या टोकाने त्यावर फुली उमटवली.

"हे सील," ती म्हणाली. "फोडायचा अधिकार फक्त मला. पंच म्हणून आई. तुम्ही बोटसुद्धा लावायचं नाही. आणि बोलायचं नाही. गाल हलला की सील हलणार."

काकांनी खुर्चीतल्या खुर्चीत सावधान केलं.

तेव्हापासून काका बदलले. म्हणजे संशय होता तेवढाच होता, एक गुंजही घटला नव्हता, फक्त त्याचं तोंड फिरलं होतं. आता त्यांना सील सोडून बाकी साऱ्या जगाचा संशय येऊ लागला. शिंपीमामा माफी मागायला आले तर काका गाल झाकून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मावशींनी नुसतं 'काका, कसं आहे?' विचारलं तर हिला का जाणून घ्यायचंय, म्हणून दिवसभर त्यांनी मावशींच्या दारावर नजर ठेवली. विमावाल्यांशी तर ते एका जिन्यात यायलाही तयार होईनात. आणि पहारा चोख राहावा म्हणून रोज सकाळी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर, ओठ मिटून बसू लागले. समोर रिकाम्या खुर्च्या. आत सून एकटीच हत्यारं पुसत असायची. तो आवाज ऐकत काका बसत, आणि प्रत्येक पुसलेलं हत्यार आपल्याच नावावर जमा होतंय असं त्यांना वाटे.

इमारतीला मात्र वेगळंच काहीतरी दिसत होतं. जिन्यातला दिवा, लिफ्टची घंटा, पाण्याची वेळ, दुधाचं माप, अशा एकूण एक गोष्टींवर रोज आक्षेप घेणारा माणूस एक शब्द बोलत नव्हता. दूधवाल्याने दोनदा मागे वळून बघितलं आणि घाबरून थोडं जास्तच दूध घातलं. इमारतीची सभा भरली, ती चहा गार व्हायच्या आत संपली. असं आजवर कधी घडलं नव्हतं. सभा संपल्यावर आता काय करायचं हे न कळून लोक तसेच बसून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी विमावाल्यांची बायको दवाखान्यात आली. कोपऱ्यातल्या काकांकडे तिने देवळातल्यासारखं बघितलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. दार नीट लागत नसे, हे काकांनी तपासलेलं होतं.

"डॉक्टर, हे बोलणं बंद राहतं ते किती दिवस?"

"म्हणजे? जखम भरेपर्यंत सांभाळायचं असतं..."

"आमच्या ह्यांचं करायचंय."

"त्यांची दाढ पडलीये का?"

"नाही. पण पाडता येईल ना? कुठलीही चालेल. निवड तुमची."

"अहो, असं चांगल्या दाताला हात नाही लावता येत!"

"मग वाईट शोधा. एवढं बोलतो तो माणूस, एखादी तरी झिजली असेल."

सुनेने पुष्कळ समजावलं. पण संध्याकाळी विमावाले हजर झाले. बोलत आले, बोलत बसले, आणि आ केल्यावर खरोखरच त्यांच्या दोन दाढा आतून पोखरलेल्या निघाल्या. त्यांचं तोंड आजवर इतका वेळ स्थिर उघडं राहिलंच नव्हतं, मग कळणार कुणाला? त्यांच्यामागून मावशींचे यजमान आले. शिंपीमामांना त्यांच्या बायकोने दुकानातून हाताला धरून आणलं, टेपसकट. गॅस बघायला गेलेल्या बाईसुद्धा परत आल्या, सोबत सासूबाईंना घेऊन. तोंड उघडलं की काहीतरी सापडतंच, निरीक्षकाला काय आणि डॉक्टरला काय. बाहेरच्या खोलीत बसायला जागा पुरेना. जुनी मासिकं वाचून वाचून खरोखर जुनी झाली.

आणि मग सील काढायचा दिवस आला. पंच म्हणून काकू उभ्या. सुनेने आवरण अलगद सोडवलं, स्वतःच्या हाताने ओठ जरासा दूर केला आणि काकांच्या हातात आरसा दिला.

काका बघत राहिले. हिरडी जुळून आली होती. कोवळी, गुलाबी, कुठे शिवण नाही, कुठे साय नाही, जणू तिथे कधी काही झालंच नव्हतं. कुणी बघत नसताना, कुणी मोजत नसताना, पंचांशिवाय झालं होतं हे. काकांना भरून आलं. त्याचबरोबर इतक्या दिवसांत साठलेले दिव्याचे, लिफ्टचे, दुधाचे, सभेचे एकूण एक आक्षेप घशाशी आले. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

बाहेरच्या खोलीत एकदम शांतता पसरली. लोटलेल्या दाराच्या फटीत विमावाल्यांच्या बायकोचा डोळा दिसला, त्याच्या खाली मावशींचा.

"बाबा," सून घाईघाईने म्हणाली, "बोलणं मात्र अजून थोडे दिवस बंदच ठेवू या. कसं आहे, हिरडी वरून भरलेली दिसते, पण आतून..."

बोलता बोलता तिचे कान लाल झाले.

काकांनी ते लाल कान बघितले. फटीतले डोळे बघितले. फटीपलीकडची गच्च भरलेली खोली बघितली. एवढा धडधडीत गुन्हा, तोही मुद्देमालासकट आणि साक्षीदारांसकट, त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत समोर आला नव्हता. सुनेने नजर खाली घातली.

काकांनी उघडलेलं तोंड मिटलं. खुर्चीवरून उतरले, गालावर हात ठेवला, अंमळ कण्हल्यासारखं केलं, चांगलं बाहेर ऐकू जाईल इतकं, आणि दार उघडून बाहेर आले. दारातच एक नवा पेशंट अंग चोरून उभा होता. काकांनी आपली खुर्ची पुढे सरकवली आणि त्याला नुसत्या खुणेने सांगितलं, बसा.